हात वर करा

कमळाबाई,

समद्यायचं एकमत झाल्याबिगर आमची सभा उठत नाई, हे तुम्हीच मले पहिल्या दिवशी सांगतलं होतं. धोरण कसं बनते हे शिकाले कॉलेजनं मले तुमच्या गावच्या जंगल राखनाऱ्या संस्थेत धाडलं होतं. पण जंगलात बकऱ्या चाराले बंदी कराची का, या सभेच्या दिवशी मले शेवटची एस.टी. गाठाची होती. म्हणून मी म्हटलं, "हात वर करा, पटकन होऊन जाईल." तुमचा सोडून समद्यायचे हात वर गेले.

संस्थेचे सचिव गुणवंतराव हासले, "कमळे, तुही बकरी तरी हात वर करन का?"

मीबी हासली. तुम्ही उठून गेल्या.

मंग कळलं, तुम्ही बकऱ्या तालुक्याच्या गावी, मूलच्या बाजारात विकल्या अन् सभेत येनंच सोडलं. त्यायच्याच दुधाचा चहा मी तुमच्या घरी रोज पेत होती.

कॉलेजात मी या ठरावाची गोष्ट मांडली तवा सरनं विचारलं, "विरोध नव्हता?"

"एक घर होतं सर, नंतर तेही मानलं." टाळ्या पडल्या. आता नव्या पोरायले एकमत कसं होते हेच मले शिकवाचं आहे, अन् मी हो म्हणून बसली.

तुम्हाले वाचता येत नाई, हे पत्र तुम्हाले गुणवंतरावच वाचून दाखवन, तेही चारचौघांत. म्हणून धाडत नाई.

तुमचा चहा पेलेली,
तहसीन