डबे रिकामे परत केल्याबद्दल

कासार आंबोली,
गुरुवार

ती. ज्ञानदाताईस,

धाकट्या विश्रामचा मान खाली घालून साष्टांग नमस्कार. (मान खाली का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींनी साखर सोडली, की चहानंतरचा गूळ अजून ‘औषध म्हणून’ चालू आहे? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. ‘सगळे’ ह्यात माझे सासरे बंडोपंतही आले, हे कृपया ध्यानात ठेव. फोनच करणार होतो, पण फोनवर तू आधी हसतेस, मग ओरडतेस, आणि मधे मला बोलायला जागाच ठेवत नाहीस.

तर झालं असं, की सुलक्षणा गेल्या आठवड्यात बार्शीला माहेरी गेली. बंडोपंतांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. जाताना म्हणाली, मी येईपर्यंत घरात काही करू नकोस. (हे तिने माझ्या काळजीपोटी म्हटलं, असा माझा समज.) आता माझं ऑफिस घरूनच, आणि मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवता येतो, त्यामुळे मी घर आवरण्याचे व्हिडिओ बघायला लागलो. त्यातली बाई सांगते, वर्षभर हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर काढा, मन हलकं होतं. रविवारी सकाळी बनियनवर, दाढी न करता, मी मन हलकं करायला माळ्यावर चढलो. पिशव्यांची एक पिशवी निघाली, तिच्या पोटात आणखी पिशव्या, मेलेल्या फोनांचे चार्जर आणि एक जुना ट्रिमर. टाकण्याआधी चालतो का बघावं म्हणून तो डोक्यावरून एकदा फिरवला. चालत होता. मधोमध असा रस्ता पडला की दोन्ही बाजूचंही काढावं लागलं, आणि नाश्त्याच्या आत माझा गोटा झाला.

त्यानंतर माळ्यावरचे डबे दिसले. गावातल्या घराघरांतून आलेले, झाकणावर नावं कोरलेले स्टीलचे डबे. आम्ही इथे घर बांधलं तेव्हा गावाच्या लेखी नुसते ‘प्लॉटवाले’ होतो. आज शेजारची धोंडाबाई ‘आमची सुलक्षणा’ म्हणते, ती ह्या डब्यांच्या जोरावर. कोणी नवा तांदूळ पाठवावा, कोणी वाल पाठवावेत, आणि हिने डबा घासून ठेवून द्यावा, का तर रिकामा कसा परत करायचा, काहीतरी चांगलं केलं की भरून देऊ. हे मी शंभर वेळा ऐकलं होतं, पण बायकोचं ऐकलेलं डोक्यात राहतंच असं नाही. मी सगळे डबे पोत्यात भरले आणि घरोघरी रिकामे वाटत निघालो. प्रत्येक दारात सांगत होतो, आता सगळं मोकळं करतोय.

धोंडाबाईचा नवरा गेणबा ओट्यावर बसला होता. त्याने आधी डब्यात पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. बाई कुटं हायेत, म्हणाला. मी म्हणालो, वडिलांकडे गेली. ‘सासरं लई आजारी व्हतं व्हय?’ मी म्हणालो, आजारी असं नाही, पण वय झालं की ते व्हायचंच. ‘तरास झाला का?’ छे, पंधरा मिनिटांत आटोपलं, हसत हसत आत गेले. गेणबाने टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘पोरगा न्हाई त्यास्नी. तुमीच केलं समदं.’ हो, म्हणालो, इथूनच ऑनलाइन केलं. मोतीबिंदूविषयी एवढी आस्था मी प्रथमच पाहत होतो.

सोमवारपासून घरी जेवण यायला लागलं. कुठून पिठलं-भाकरी, कुठून वरण-भात, आणि अर्थातच सगळं डब्यांतून. बायको नाही म्हणून गाव आपल्याला जपतंय, अशा समजुतीने मी दोन्ही वेळा पोटभर जेवलो. (पिठलं असं, की मी डबा बोटाने पुसला.) मंगळवारी गेणबाची नात सायली हिची हळद होती. ‘एक रात आवाज सोसा’ असं ते आधीच सांगून गेले होते आणि मंडपाशेजारी माणसाहून उंच स्पीकर येऊन उभे होते. मी कानात घालायला कापूस काढून बसलो. पण आवाजच नाही. सनई नाही, गाणं नाही, पोरंसुद्धा हळू बोलत होती. मी सुलक्षणाला मेसेज केला की गाव फार सुधारलं.

बुधवारी लग्न. मी नवा कुर्ता घालून, टकलावर फेटा चढवून मंडपात गेलो. माझ्याभोवती आपोआप जागा होत गेली. मी अक्षता घेतल्या, तेवढ्यात धोंडाबाईने मला दंडाला धरून बाजूला नेलं. ‘दुखवट्यात लगनाला येत्यात व्हय? दहावा कुटं करनार?’ मी म्हणालो, दहाव्या दिवशी डॉक्टरांकडे दाखवायचंय. ‘मेलेल्या मान्साला?’ मग ती हळू आवाजात म्हणाली, ‘रिकामा डबा दुखवट्याच्या घरातनंच येतो, दादा. आमी समदं समजलो. शेजारी मयत झाल्यावर गानी कशी वाजवायची?’

ताई, मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि मंगलाष्टका सुरू झाल्या. माझा चेहरा पाहून तिला वाटलं मला सासऱ्यांची आठवण आली. तिने मला मागच्या वाटेने घरी धाडलं, पाठोपाठ जेवण पाठवलं, आणि मी ते खाल्लं. सगळं कळल्यावर खाल्लं. पिठल्याची मला एवढी लाज नाही. पण त्या पोरीची हळद माझ्यामुळे मुकी गेली, आणि ती जाताना आमच्या दाराकडे बघून हात जोडून गेली, हे आठवलं की माळ्यावर चढून तिथेच बसावंसं वाटतं. सुलक्षणाने एवढ्या वर्षांत मिळवलेलं सगळं मी एका सकाळीत धुऊन टाकलं. आणि रविवारी ती परत येतेय. एकटी नाही, हवापालटासाठी बंडोपंतांना घेऊन.

भावजींना नमस्कार सांग. त्यांना पत्र वाचायला देऊ नकोस.

तुझा,
विश्राम

ता. क. : पत्र कुरिअरने उद्याच मिळेल; शनिवारपर्यंत येशील का? बेसनाचे लाडू घेऊन ये. आधीच्या डब्यांचं आणि ह्या दुखवट्याच्या डब्यांचं मिळून देणं आता दुप्पट झालंय, आणि गोड भरल्याशिवाय ह्या गावात मला तोंड दाखवता येणार नाही.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी धीर करून धोंडाबाईला सगळं सांगून आलो. तिने आधी हातातलं सूप खाली ठेवलं. मग ‘मेल्या, जित्या सासऱ्याचं पिठलं खाल्लंस!’ म्हणून पाठीत असा धपाटा घातला की गेणबा आतून धावत आला. त्यालाही सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, म्हातारा जिता हाय न्हवं, मग झालं. रविवारी सायली माहेरी परततेय. हळदीचे स्पीकर अजून मंडपातच आहेत. तेव्हा गाडी फाट्यावर आली की बंडोपंतांना वाजतगाजत, गुलाल उधळत घरापर्यंत आणायचं, असं त्याने ठरवून टाकलं. मला नाही म्हणायचा हक्क नव्हता.

शेवटचं : डॉक्टरांनी डोळ्यात धुळीचा कणही जाता कामा नये असं बजावलंय. तेव्हा बंडोपंतांना काळा चष्मा घालूनच आण, आणि गाडीच्या काचा वर ठेव, एवढं सुलक्षणाला फोन करून तूच सांग. का, ते विचारील. तेही तूच सांग.