प्रेक्षक एक, रास तूळ

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.३०
आजपासून नियम. रोज सात वाजता पेपरमधलं राशिभविष्य लाइव्ह वाचायचं. नूपुर लहान असताना मी चहाच्या वेळी तिची तूळ रास मोठ्यानं वाचायचो आणि ती हसता हसता पोहे सांडायची. आता लग्न होऊन वर्ष होईल. ती घरी आलेली नाही, मी गेलेलो नाही. लग्नालाही नव्हतो. जावई प्रीतम बौद्ध आहे म्हणून गेलो नाही, असं नातेवाईक म्हणतात. साफ खोटं. मी जातपात मानत नाही. मला फक्त आधी विचारायला हवं होतं, म्हणजे मी वेळेवर नाही म्हणालो असतो.
नूपुर राहते हिंगण्याला. आमच्या नंदनवनातून सतरा-अठरा किलोमीटर. एकतीस वर्षं मी तिकडच्याच कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो, पण तेव्हा कंपनीची बस होती.

सकाळी ७.४०
पहिला दिवस. आवाज बरा. पण कॉम्प्युटर सांगतो, ड्रॉप्ड फ्रेम्स १४ टक्के. म्हणजे जिथे मी शंभर वेळा दिसायला हवा, तिथे शहाऐंशी वेळा दिसलो. कारखान्यात असा माल मी रिजेक्ट केला असता.
प्रेक्षक शून्य. लिंक 'आपला परिवार' ग्रुपवर टाकली होती. ॲडमिन मीच. शिस्तीचा ग्रुप आहे, गेल्या डिसेंबरात थोडी साफसफाईही केली होती.

दुपारी २.३०
जेवलो नाही. ॲसिडिटी.

४ नोव्हेंबर, मंगळवार
७.०२ ला प्रेक्षक १. तीच. दुसरं कोण असणार? खात्रीसाठी भाची मेघाला फोन केला. ती म्हणाली, "मामाजी, मी तर आठपर्यंत झोपून राहते."
तूळ. छापलेलं: वाहन सावकाश चालवा. मी वाचलं: वाहन काढा, पूर्वेकडचा प्रवास लाभदायक. हिंगण्याहून आमचं घर पूर्वेला पडतं. एवढं एडिटिंग चालतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
बारीक निरीक्षण. प्रेक्षक रोज ७.१८ ला जातो आणि ७.२३ ला परत येतो. ७.१९ ला सुमती चहा आणून देते, म्हणून घड्याळाकडे नीट लक्ष असतं.
निदान: त्या वेळेला हिंगण्यात शिफ्ट बदलते. बसमधले सगळे एकदम मोबाइल काढतात. टॉवर जाम. उपाय: बिटरेट ४५०० वरून २५००. चित्र थोडं मळकट होईल, पण मुलीपर्यंत पोचेल.
सुमतीला समजावून सांगितलं. बायको असून एकतीस वर्षांत तिला क्वालिटी कळली नाही. म्हणाली, "स्कूटर काढा ना. घंटाभरात तुमीच पोचता."
स्कूटरचं मागचं चाक हवा धरत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
नवा फॉल्ट. आवाज दुबार. मी "कर्क" म्हटलं की वीस सेकंदांनी कुठून तरी बारीक "कर्क" येतं, आणि त्यात फोडणीचा चुरचुर आवाज. तीन तास ऑडिओ सिंक बदलत बसलो. माइकची वायर बदलली. सुमतीला ऐकायला बोलावलं, तर ती येताच आवाज गायब. असे फॉल्ट सगळ्यात वाईट, इन्स्पेक्टरसमोर कधी दिसत नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
वीस सेकंदांचा उशीर खटकतो. मी बोलतो ते तिला वीस सेकंदांनी ऐकू येतं. मेघाकडून शिकून 'लो लेटन्सी' लावून पाहिलं, तर चित्र अडकायला लागलं. परत वीस सेकंद. असू दे. वर्षापुढे वीस सेकंद काय.
मेघा विचारत होती, कुंभ रास कधी येणार? मी तुळेवर थांबतो. उरलेल्या पाच राशींना वेळ नाही. माझी वृश्चिक लगेच पुढचीच आहे, पण स्वतःचं काय वाचायचं.
तूळ. छापलेलं: डोळ्यांची काळजी घ्या. मी वाचलं: आईवडिलांची आठवण येईल, फोन करण्यास उत्तम दिवस.
फोन आला नाही. मी काही वाट पाहत नव्हतो. मोबाइल चार्जिंगला लावला होता आणि प्लगजवळच माझी खुर्ची आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सुमती दोन दिवस पारशिवनीला, भावाकडे.
प्रेक्षक शून्य. राउटर बंद-चालू. एन्कोडर बदलला. बिटरेट १२०० केला, मी ओल्या भिंतीवरच्या डागासारखा दिसायला लागलो. तरी शून्य.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आजही शून्य. नूपुर आजारी तर नाही? का रागावली? रविवारी तुळेत मी 'हट्ट सोडा' घातलं होतं. जास्त झालं. आज दुरुस्त करून वाचलं: हट्ट असू द्या, पण या. ते ऐकायला कोणी नव्हतं.
भात परवाचा. गरम केला नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सुमती परत आली. प्रेक्षक १. राउटर बंद-चालू केल्याचा परिणाम दिसायला दोन दिवस लागतात, हे कुठेच लिहिलेलं नसतं. इतका आनंद झाला की कन्या रास दोनदा वाचली. डोळ्यांतून पाणी येतंय. साथ असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार
तूळ वाचताना घसा बसला. प्रक्षेपण चालू ठेवून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.
मिठाच्या बरणीला टेकून सुमतीचा फोन उभा. फोनमध्ये मी. मी इथे ओट्यापाशी उभा, आणि तिथे मी अजून खुर्चीत बसून तूळ वाचतोय. सुमती कणीक मळता मळता ऐकत होती. वीस सेकंदांनी फोनमधला मी उठला. मग नुसती खुर्ची. आम्ही दोघंही त्या खुर्चीकडे बघत राहिलो.
ती म्हणाली, "पयल्या दिवशी शून्य पाहून तुमी जेवले नाही. म्हणून लावून ठेवते रोज."
मी विचारलं, मग नूपुर? तिनं ग्रुपवरची लिंक पाहिली नाही?
म्हणाली, "ग्रुपात ते आहे कुठं? लग्नाच्या दिवशी तुमीच काढलं ना तिले. म्याच सांगतलं मंग तिले, तुमी रोज वाचता म्हून."
काय म्हणाली ती?
सुमतीनं हाताचं पीठ झाडलं. "म्हणे, आई, लिंक नको पाठवू. बाबाले पाठव."
रडलो. साथ वगैरे काही नाही. लग्नाच्या दिवशी मी इस्त्रीचे कपडे घालून, बूट चढवून दुपारपर्यंत घरीच बसलो होतो आणि सुमती एकटी गेली होती, हे आज पहिल्यांदा लिहितोय. मी चुकलो.
दुपारी स्कूटर पुसली. हवा भरून आणली. संध्याकाळपर्यंत उतरली नाही. चाकाला काही झालेलंच नव्हतं. उद्या जायचं. नक्की.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.४५
इस्त्रीचे कपडे. बूट. सुमतीनं नूपुरसाठी कोथिंबिरीच्या सांबारवड्या करून डबा स्कूटरच्या हुकाला लावला. निघण्याआधी शेवटचं एकदा वाचून घेतो. सुमतीला फोन बंद ठेवायला सांगितलंय. रीडिंग खरं हवं.

सकाळी ९.००
सात वाजता शून्य. सव्वासातला शून्य. तूळ छापली होती तशीच वाचली: किरकोळ सर्दी संभवते. थांबणार होतो, तर दारातून सुमती म्हणाली, "आज तुमची बी वाचा."
वृश्चिक. छापलेलं: पोट सांभाळा, प्रवास टाळा.
तीन आठवडे मी तूळ रोज बदलली. ही मात्र छापली होती तशीच वाचली. दोनदा.
स्कूटरवर कव्हर घातलं. सुमतीनं हुकाचा डबा काढून घेतला, चपला घातल्या आणि ती बसनं हिंगण्याला गेली.
बूट अजून पायात आहेत. आजचं रेकॉर्डिंग तपासलं. ड्रॉप्ड फ्रेम्स शून्य, पहिल्यांदाच. प्रेक्षक शून्य. दोन्ही रीडिंग बरोबर आहेत.