आपली नसलेली गाडी

अण्णा, मी दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर पहिला प्रश्न तोच विचारला असता. किंमत आणि रंग नंतर. माझ्या माणच्या ऑफिसात जेवताना गाड्यांचा विषय निघाला की प्रत्येकजण आपल्या घरातली पहिली गाडी सांगतो. कुणाच्या आजोबांची अँबॅसिडर, कुणाच्या मामाची टॅक्सी. माझी पाळी आली की मी अडते. तुमच्या कारखान्यातून बाहेर पडली ती आपली, या तुमच्या हिशेबानं रस्त्यावरची निम्मी वाहनं आपलीच होती. नाशिक फाट्यावर बसची वाट बघताना तुम्ही समोरून जाणाऱ्या टेम्पोकडे बोट दाखवायचात, "ती बघ, आपली गाडी." पाठोपाठ ट्रक आला की, "ही पण आपली." मी तेव्हा पहिलीत असेन. मला खरंच वाटायचं, लोक आपल्या गाड्या उसन्या नेतात आणि परत आणून द्यायचं विसरतात.

घरात प्रत्यक्ष होती ती स्कूटर, तीही दुसऱ्या कंपनीची, कारण तुमची कंपनी दुचाकी बनवत नव्हती. तुम्ही तिला पाहुणी म्हणायचात. "पाहुणीला आत घ्या, पाऊस येतोय." ही पाहुणी माझी दहावी होईपर्यंत आपल्याकडे राहिली. खंडेनवमीला कंपनी घरच्यांना आत सोडायची. मशिनांना झेंडूच्या माळा, सगळीकडे उदबत्ती आणि रंगाचा मिसळलेला वास. तुम्ही मला पेंट शॉपमध्ये नेता. वर साखळीला बिनचाकांची एक बॉडी टांगलेली आहे. "हात लावू नको," म्हणता आणि स्वतः तिच्यावरून तळवा फिरवता. हे मला आठवतं, की आईनं सांगून सांगून आठवायला लागलंय, याची मला खात्री नाही. तळवा फिरवण्याची सवय मात्र मी स्वतः पाहिलेली आहे. लग्नाला गेलो की तुम्ही मांडवाआधी पार्किंगमध्ये. एकदा एका गाडीवाल्यानं हटकलं, "ओ काका, काय शोधताय?" तुम्ही म्हणालात, "काही नाही राव, रंग तपासून कुणी पास केली ते बघतोय." तो घाबरला. "का, खराब आहे का?" "छान आहे की. पण आपली नाही."

मग मी कॉलेजात असताना तुमच्या कंपनीची पांढरी गाडी खरोखरच आपल्या दारात आली. तुम्ही गेल्यावर बरीच वर्षं मी तीच चालवली. तिचं आयुष्य संपलं तेव्हा नवी घ्यायची वेळ आली, आणि मला हवी होती ती नेमकी दुसऱ्यांची. ही तुमच्याशी बेइमानी होते का, हे मी इतके महिने घोळवत राहिले की नवरा म्हणाला, "अण्णांची एनओसी आली की सांग, मग बुकिंग करू." शेवटी मीच ठरवलं. चालवणार मी, मग निवडणारही मीच. तुम्ही नाराज झाला असतात, ते मी सोसलं असतं. आईचं काय, एवढीच धास्ती होती.

गेल्या रविवारी गाडी रहाटणीला घरी आणली. आईनं खाली येऊन ओवाळलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. सांगवीला मावशीकडे पेढे द्यायला निघायचं होतं. आई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी रिक्षानं येते."

"आई, गाडी दारात उभी आहे."

"दिसतीय मला."

तर अण्णा, पुढे रिक्षात आई आणि मागे हार घातलेल्या नव्या गाडीत आम्ही, असे निघालो. रिक्षावाला सारखा आरशात बघत होता. सिग्नलला त्यानं डोकं बाहेर काढलं, "ताई, पुढं जायचंय का?" म्हटलं, "नाही भाऊ, आम्ही तुमच्याबरोबरच आहोत."

मी धरून चालले होते की हे सगळं तुमच्यासाठी चाललंय. मावशीलाही तसंच वाटलं. चहा देताना ती आईला म्हणाली, "अगं, दाजी काय आता बघायला येणारेत, कुठल्या कंपनीच्या गाडीत बसलीस ते?"

"त्यांचं काय मधे?" आई म्हणाली. "त्यांनी गाडी आणली तेव्हा मला विचारलं नाही. आता हिनंही नाही विचारलं. हिनं म्हणे मनातल्या मनात बापाला विचारलं. मी इथं जिवंत बसलेय समोर." मग बशी खाली ठेवून, "आणि ती आपली आपली म्हणत होते ना, सांगवीला येईस्तोवर त्या आपलीत माझे गुडघे आखडायचे." मावशी इतकी हसली की तिच्या हातातला चहा हिंदकळला. मला हसता येईना. तुमचं मन राखावं की नाही यावर मी एवढा विचार केला, आणि तेवढा वेळ आई शेजारच्याच खोलीत होती.

"चल," मी म्हटलं, "आता विचारते. बसून बघ आणि सांग." ती पुढे बसली. सीट मागे कशी घ्यायची ते विचारलं, पाय पसरले. गाडी निघाल्यावर काच खालीवर करून बघितली. मग म्हणाली, "रंग मी हा घेतला नसता." घर आलं तरी उतरेना. "मार अजून एक चक्कर."

तुमची समजूत घालायला मी हे लिहायला बसले होते. आता त्याची गरज वाटत नाही. तुम्ही दोन दिवस रुसला असतात आणि तिसऱ्या दिवशी आईला मागे बसवून स्वतः पुढे बसला असतात. पत्र कुठे टाकायचंच नाही, म्हणून आईच्या जोडीनं मीही एक सांगून मोकळी होते. आपल्या त्या पांढऱ्या गाडीत, तुम्ही चालवत असताना, मला कायम मळमळायचं. काच खाली करून मी तोंड बाहेर काढून बसायचे, तेव्हा तुम्ही आईला कौतुकानं म्हणायचात, "बघ, पोरीला गाड्या बघायची केवढी आवड आहे."