जिवलीला इचारा

मुरबाड, ५ ऑक्टोबर १९३६

चि. कमळाकरास अ. उ. आ.

तुझं नैरोबीचं पत्र पोचलं. साहेबलोक तंबू ठोकून जिराफ, झेब्रे नुसते बघतात, मारत नाहीत, हे मी धसईच्या बाजारात सांगितलं. लोक म्हणाले, भटजी, त्याला समुद्र कशाला ओलांडायचा, आमच्या भातातली डुकरं बघायला या. तू त्या मंडळींचा कारकून. म्हणजे तुझा वानप्रस्थाश्रम पगारी.

तू स्वयंपाकाला नेलेल्या जैतूची बायको जिवली वैशाखऱ्याहून मुद्दाम आली होती. दिवाळीतल्या वाघबारशीला रानाच्या कडेला वाघोबाचा वाटा ठेवतात, तो जैतूनं तिकडेही चुकवू नये, असा निरोप. मी म्हटलं, तिथे वाघ नसतो, सिंह असतो. ती म्हणाली, मोठा भाऊ आसंल. हे खोडायला शास्त्राधार सापडेना, तेव्हा कळवतो आहे.

मायेत खंड नको.
तुझा दादा

नैरोबी, २४ नोव्हेंबर

ती. दादांस कृ. सा. न. वि. वि.

मुरबाडला तार येत नाही, म्हणून विमानटपालानं लिहितो आहे. वाघबारशीला जैतूनं तंबूंपलीकडे भात आणि कोंबडी ठेवली. सिंहीण खाऊन गेली, तो हरखला. दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा आली, तेव्हा वाटा नव्हता, पाणी आणायला निघालेला जैतू होता. आपल्याकडे वाघापुढे जोडतात तसे त्यानं हात जोडले. साहेबाच्या बंदुकीच्या बारानं ती पळाली, पण त्याचा उजवा हात फाडून.

जखम चिघळत चालली आहे. डॉक्टर म्हणतात, हात खांद्यापासून काढला तरच जगेल. जैतू संमतीच्या कागदावर अंगठा उठवत नाही. म्हणतो, "एका हातानं नांगर कसा धरू? आदी जिवलीला इचारा." मी त्याच्या पाया पडलो, दादा. तिचं उत्तर तारेनं कळवा. या वेळी थट्टा नको.

आपल्या आशीर्वादावर भिस्त ठेवून,
कमळाकर

मुरबाड, ५ डिसेंबर

चि. कमळाकरास अ. उ. आ.

पत्र मिळताच वैशाखऱ्याला गेलो. जिवली खळ्यात भात झोडत होती. वाचून दाखवलं, तिनं हातातली पेंढी खाली ठेवली नाही. मग म्हणाली, "नांगर मी धरन. त्याला म्हना, जीव घेऊन ये." बाईनं नांगराला हात लावला तर पाऊस रुसतो, असं एका म्हाताऱ्यानं सुनावलं. ती म्हणाली, "रुसंल त रुसंल."

कल्याणला जाऊन तार केली. ती तुला मिळाली, की उशीर झाला, कळायला मार्ग नाही. जिवली कालपासून आमच्या ओटीवर आहे. तुझ्या वहिनीनं दिलेली भाकरी तशीच. धीराचे श्लोक मला पुष्कळ पाठ आहेत, ते सोडून मी तिच्याजवळ बसून असतो. पोस्टमन दिसला की ती उठून उभी राहते. मीही.

तुझ्या एका शब्दाची वाट पाहणारा,
दादा