आसरांची जागा

नाना,

तुमच्या श्राद्धाला बसताना आता मला मांडी घालवत नाही, इतके माझे वय झाले. तरी एका गोष्टीत मला अजून तुमचाच शब्द हवा आहे. आपल्या जुन्या गावाच्या डोहाकाठी शेंदूर फासलेले सात दगड होते, जलदेवता आसरांचे. गाव धरणाखाली गेले तेव्हा तुम्ही त्यांना हलवू दिले नाही. यंदा नाथसागराचे पाणी फार मागे हटले आणि त्या पुन्हा उघड्या पडल्या. नव्या गावठाणातल्या बाया म्हणतात, गुरुजी, पाणी परतायच्या आत त्यांना वर आणा. तुमच्या वडलांनी नाही म्हटलं होतं, तुम्ही तरी हो म्हणा.

ते शेवटचे वर्ष मला स्वच्छ दिसते. मी शहरात नुकताच संस्कृत शिकवू लागलो होतो आणि सुटी लागताच पैठणच्या एसटीने गावी आलो होतो. लोक घरांच्या चौकटी उपसून बैलगाड्यांवर चढवत आहेत. वर माळावर चुन्याच्या फक्कीने सरळ रेषा मारून नव्या गावाचे प्लॉट पाडले आहेत. तुम्ही देवांना उठवण्यासाठी शीव हिंडत आहात. वेशीत मारुती, बांधावर म्हसोबा, शिवेबाहेर मरीआई, पाण्याशी आसरा. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य गेले, पण शिवेवरचा एक दगड हलला नाही, असे तुम्ही अभिमानाने सांगत असा. आता एकेका ठाण्यापुढे बसून क्षमा मागून तुम्ही देवत्व कलशात घेत होता. माळावर सगळ्या देवांना शाळेशेजारी एका ओळीत जागा मिळाली होती. पाटील म्हणाले, "नाना, देवायची बी कॉलनी झाली बघा." तुम्ही हसला नाहीत.

डोहापाशी मात्र तुम्ही कलश खाली ठेवलात आणि म्हणालात, इथे विसर्जन होणार नाही, ह्यांना उठवायचे नाही. गावातली बहुतेक लेकरे जिच्या हातावर जन्मली ती म्हातारी सुईण पुढे आली.

"मारुतीला प्लॉट भेटला, म्हसोबाला भेटला. मंग ह्या सात जणी काय बेघर व्हय, नाना?"

"बेघर कशानं? पाणी हेच त्यांचं घर. ते तर वाढायलंय."

"अन् आमच्या बाळंतिणी? सव्वा महिन्याला पाणी पुजायला लेकरू घेऊन कुठं जायचं, धरणाच्या भिंतीवर?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी तरुण होतो, विद्येचा ताठा होता. जो देव अग्नीत आहे, जलात आहे, ओषधींत आहे, तो माळावरच्या आडाच्या पाण्यात का नसेल, असे मी भर मंडळीत तुम्हांला विचारले. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "सर्वत्र आहे, हे ज्ञान्याला पुरतं. बाळंतिणीला जागा लागते. दगड उचलता येतो रे. जागा कशी उचलणार?" पाणी आले, आणि बाया त्याच्या काठाशी, तो त्या वर्षी जिथे असेल तिथे, हळदकुंकू वाहू लागल्या.

यंदा विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या एका संशोधक बाईंनी मला बोलावून नेले. त्या एका टेकाडावर खड्डा घेऊन बसत नाहीत, त्या चालतात. पूर्वीची माणसे कुठून उतरत, कुठे पाणी भरत, कुठे हात जोडत, हे सगळे एकत्र पाहिल्याशिवाय गाव कळत नाही, असे त्यांचे शास्त्र आहे. भेगाळलेल्या गाळातून त्यांच्या मागे जाताना, नाना, मला वाटले की मी तुमच्याच मागून शीव हिंडतो आहे. लाटांनी जुन्या वस्तीची पांढरी माती धुऊन खापरे वर आणली होती. वेशीचा उंबरा जागेवर होता. आसरांपुढून एक बुजलेली पायवाट उतरत होती. बाई म्हणाल्या, हा जुना उतार. हे दगड इथे आहेत म्हणून डोहाचा काठ कळतो, गुरुजी. वर नेले तर ते नुसते सात दगड. मी तरुण असताना तुम्ही म्हणालात तेच त्या आज म्हणत होत्या, आणि मला त्यांच्या पाया पडावेसे वाटले.

तेवढ्यात बाया आल्या. त्यांच्यात त्या सुईणीची नात होती. तिची सून मागच्या पंधरवड्यात सव्वा महिन्याचे मूल घेऊन काठाशी गेली आणि गाळात कमरेपर्यंत रुतली. मूल तिने डोक्यावर धरले होते. लुगडी एकमेकांना बांधून बायांनी तिला ओढून काढले. सून तिथेच उभी होती, पण गाळाकडे पाठ करून. संशोधक बाई आपले म्हणणे समजावून सांगू लागल्या, तेव्हा नात म्हणाली, "ताई, तुमचं खरं हाय. जागा इथंच हाय, नाय म्हणत नाय. पर आसरा लेकरं राखायला हायेत का बुडवायला? तुमी फोटू काढा, मापं घ्या, लई काढा. मंग आमच्या ह्या साती बाया आमाला द्या." संशोधक बाईंनी मापाची टेप काढली आणि एक टोक त्या सुनेच्या हातात दिले. ती आधी मागे सरली, मग तिने ते धरले.

गेले काही दिवस मी पोथ्या पाहतो आहे. जीर्ण देवतेच्या चालनाचे विधान आहे, क्षमापन आहे, सारे आहे. आई चालून येऊ शकत नसेल तर देवतेने चालत जावे का, यावर मात्र कुठे काही सापडले नाही. बाळंतिणीला जागा लागते, हे तुमचे वाक्य मी इतकी वर्षे जागेच्या बाजूने वाचत आलो. त्यात बाळंतीणही आहे, हे मला त्या सुनेची पाठ पाहून कळले. जागा उचलता येत नाही, हे तुमचे खरेच. सात दगडांच्या सात खळग्या तिथे राहतील, त्यांत पाणी भरेल, आणि पुढे कोणी चालत आले तर त्याला त्या काही सांगणार नाहीत. हा तोटा मला कळतो. तुमच्याइतका नसेल, पण कळतो.

म्हणून तुमची अनुज्ञा मागायला हे लिहायला बसलो, असे मी मनाशी धरले होते. ते पुरते खरे नाही. विधी शुक्रवारीच झाला, नाना. नव्या गावच्या आडाशेजारी त्या सातही जणी बसल्या आहेत, आणि सुनेने काल पाणी पुजले. क्षमापनाचे मंत्र म्हणताना माझा आवाज दोनदा अडकला. बायांना वाटले, वयामुळे.