मुलींचं मैदान

२१ नोव्हेंबर १९६५, कोल्हापूर

जिंकली! चारशे मीटरमध्ये आमच्या कॉलेजची तुळसा पहिली! बाकीच्यांच्या पायांत खिळ्यांचे बूट, ही अनवाणी. शेवटच्या वळणावर सगळ्यांना मागे टाकून अशी सुटली की मी किंचाळत होते हे मला घसा बसल्यावर कळलं.

पण झोप येत नाही ती त्यामुळे नाही. बक्षीस समारंभानंतर पुण्याच्या एका कॉलेजच्या क्रीडाप्रमुख दामलेबाई माझ्याकडे आल्या. "हिला कुणी शिकवलं?"

"मी."

"आणि तुम्हाला कुणी शिकवलं?"

काय सांगणार? कुणीच नाही. दोन पुस्तकं वाचली, बाकी अंदाजानं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पतियाळाला प्रशिक्षकांसाठी वर्षाचा कोर्स आहे, मी तुमचं नाव सुचवते. शिकून आलात की आमच्याकडे पुण्याला या. जानेवारीअखेर कळवा.

२५ नोव्हेंबर, सावंतवाडी

प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगितलं. आधी अभिनंदन केलं. मग चष्मा काढून पुसत बसले.

"मथुराबाई, तुम्हाला नेमलं तेव्हा समितीत तुमच्या बाजूनं मी एकटा होतो. मुलींच्या खेळाला बाई कशाला, मुलींना खेळ कशाला, सगळं ऐकून घेतलं. तुम्ही गेलात तर ते जागा भरणार नाहीत. मैदान मुलांच्या क्रिकेटला देतील. ते वाटच बघतायत."

"वर्षभरासाठी कुणी—"

"कोण येणार इथे? तुम्हीच सांगा."

त्यांनी जाऊ नका असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता आलं असतं!

२८ नोव्हेंबर, वेंगुर्ले

रविवार म्हणून घरी आले. आये पतियाळाचं नाव ऐकूनच उठून बसली. "पंजाबात आत्ताच लढाय झाली! थंय कित्याक जातंस गो? हयसर काय कमी आसा?"

भाई सोलकढी ओरपत होता. वाटी खाली ठेवून म्हणाला, "आये, तिका विचार. तिका काय होयां ता."

आयेनं विचारलं नाही, म्हणून त्यानंच विचारलं. "तुका जावचा आसा?"

"आसा," मी म्हटलं. इतक्या चटकन की माझी मलाच लाज वाटली.

शाळेत मी शेवटची शर्यत धावले ती चौदाव्या वर्षी. मग लुगडं आलं. तेव्हापासून पळाले ती फक्त एस.टी. पकडायला. मी किती पळू शकले असते हे मला कधीच कळणार नाही. पण पळणं म्हणजे काय, श्वास कुठे चुकतो, पाऊल कुठे पडायला हवं, हे एकदा कुणीतरी नीट समजावून सांगावं! एवढंच हवंय. एवढंच? नाही. पुण्याचं ते मैदानही हवंय. इथे तरी खरं लिहावं.

२९ नोव्हेंबर

आणि मुली?

५ डिसेंबर

तुळसाच्या गावी गेले. पतियाळाचं सांगायचंच असं ठरवून.

तीन वर्षांपूर्वी याच पडवीत तिच्या बापासमोर, शिवासमोर, हात जोडून उभी होते. एकट्या त्याच्यासमोरच नाही, प्रत्येकीच्या घरी. मुली धावणार म्हणजे काय घालणार? किती वाजता परतणार? कोण बघणार? दरवेळी माझं एकच उत्तर, सलवार-झंपर घालतील, दिवस मावळायच्या आत घरी येतील आणि मी सोबत असेन. शिवा म्हणाला होता, "तुमी आसात म्हणान धाडतंय. तुमी नसलात तर नाय."

आज त्यानं घरच्यांना माझ्यासाठी घावणे करायला लावले. कोल्हापूरचा कप देवाच्या कोनाड्यात. शेजारच्या बायका बघून गेल्या. शिवा सगळ्यांना सांगत होता, "ह्या बाईंनी केल्यानी सगळा." मी चार घावणे खाल्ले आणि एक शब्द न सांगता परत आले.

तुळसा खालच्या व्हाळाच्या पाण्यापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, "बाई, तुमी कायतरी सांगूक इल्लात ना?"

"नाही गो. सहजच."

१९ डिसेंबर

दोन आठवडे काही लिहिलं नाही. सकाळी वाटतं जावं, संध्याकाळी मैदानावर वाटतं राहावं. लाल मातीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारताना तर फारच वाटतं. या रेघा मारायला मला परवानगी मागावी लागली होती.

३ जानेवारी १९६६

ठरलं. जाणार नाही. प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगून टाकलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि मला खूप मोठं काही केल्यासारखं वाटलं. मुलींनाही सांगितलं, पतियाळाला बोलावणं होतं, पण मी तुमच्यासाठी राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुळसानं नाही.

दामलेबाईंना कळवायचं आहे. उद्या लिहीन.

६ जानेवारी

प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, आता राहताच आहात तर गॅदरिंगचंही बघा. बरं म्हटलं.

दामलेबाईंना लिहायचं राहिलंच.

११ जानेवारी

शास्त्रीजी गेले. कॉलेज बंद. गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

१४ जानेवारी

आज फार वाईट वागले.

तुळसा उशिरा आली. घरची कामं आटपून डोंगर उतरून येते, उशीर व्हायचाच. पण मी सगळ्यांसमोर बोलले. "तुझ्यासाठी मी काय सोडलंय, कळतं का तुला? आणि तू वेळेवर येऊ शकत नाहीस?" तिच्या पायाला लचक होती, ते तिनं सांगितलंही. तरी धावायला लावलं. तिसऱ्या फेरीला ती बसली. रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली.

मुलींपैकी सर्वांत मोठी सुगंधा, यंदा बी.ए.ला आहे. तिनं तुळसाला उठवून नेलं. जाताना मला म्हणाली, "बाई, तुम्ही आधी अशा नव्हता."

१५ जानेवारी

खरं आहे. राहिले त्यांच्यासाठी, आणि आता त्याची वसुली करतेय. तुळसा हरली तर मी तिला क्षमा करीन का? नाही करणार. म्हणजे ती माझ्या वाट्याचं पळणार आणि मी उभी राहून ओरडणार. वर्षानुवर्षं! याला निष्ठा म्हणायचं?

१७ जानेवारी

तुळसा तीन दिवस आली नाही.

१८ जानेवारी

न राहवून तिच्या गावी गेले. माफी मागायला. पाय फार सुजला असेल तर डॉक्टरकडे न्यायचं म्हणून. शिवा कुंपणाला काट्या लावत होता. हातातलं काम टाकून पुढे आला.

"पाय बरो आसा तिचो," तो म्हणाला. "पायासाठी नाय थांबला ता चेडू."

"मग?"

"तिकाच विचारा."

तुळसा आतून आली. पदराशी चाळा करत, खाली बघत म्हणाली, पण आवाज कापत नव्हता. "बाई, माझ्यासाठी रवाक नको होता. माका ता उचलूक जमाचा नाय."

"मी त्या दिवशी चुकले, तुळसा."

"त्या दिवसाचा नाय म्हणत. तुमी कोल्हापुरात त्या पुण्याच्या बाईंवांगडा बोलत होतात, तेव्हा तुमचा तोंड मी बघितलंय. तसा मी कधी बघूक नव्हता." मग एकदम मान वर करून, "तुमी जावा. तुमी गेलात तर माका कळात, बायल माणूस खंयपर्यंत जाता ता. तुमी हयसरच रवलात तर आमी खंय जातलंव?"

मी शिवाकडे बघितलं. "तुम्ही म्हणाला होता, मी असेन तरच पाठवणार."

त्यानं खाली पडलेली काटी उचलली. "म्हटलंय खरां," एवढंच म्हणाला, आणि परत काट्या लावायला गेला.

२० जानेवारी

दामलेबाईंना तार केली. येते.

घरीही कळवलं. आये रागावणार. भाई हसेल.

२१ जानेवारी

प्रिन्सिपॉलसाहेब रागावले नाहीत. ते जास्त वाईट. "मी समितीला काय सांगू?" असं दोनदा म्हणाले. मी म्हटलं, सुगंधाची परीक्षा मार्चमध्ये संपते, वर्षभर ती बघेल, मी तिला सगळं शिकवून जाते. ते म्हणाले, समिती ऐकणार नाही. बहुतेक खरंच ऐकणार नाही. माझ्यामुळे मैदान जाणार. हे मला बरोबर घेऊनच जावं लागेल. तरी मी शब्द मागे घेतला नाही.

२८ जानेवारी

समितीची बैठक सोमवारी. त्यांची माणसं क्रिकेटच्या खेळपट्टीचं माप घेऊन गेली आजच!

सुगंधाला रोज शिकवतेय. तुळसा परत येऊ लागली. तिच्याशी नीट बोलले. जास्त काही नाही, श्वासाबद्दलच.

३१ जानेवारी

बैठक चालू असताना बाहेर गलका झाला म्हणून व्हरांड्यात गेले. शिवा! आणि त्याच्यामागे सुगंधाचे वडील, धोंडू, बाबली, सगळ्या मुलींचे बाप. धुवट सदरे घालून आलेले. ज्यांच्या पडव्यांत मी हात जोडले होते ते सगळे. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सरळ बैठकीच्या खोलीत गेले. शिवाचा आवाज दाराबाहेर ऐकू आला, "बाई जावंदेत. आमच्या चेडवांचा मैदान खंय जाता ता आमी बघतंव."