एकाच बंदराची सात तिकिटं

५ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम तयार झाला. जुन्या पानांचे तुकडे पडायला आले होते, म्हणून नवी जाड पानं शिवली, पाठीला निळं कापड लावलं. आमच्या बाइंडिंगखान्यात सगळे म्हणतात, बाईंनी गिऱ्हाइकाच्या वहीत एवढा जीव कधी ओतला नाही. शिवाय आत नुसता सावळागोंधळ होता. तिकिटं देशवार लावली आणि जादाची वेगळ्या पाकिटात घातली. आता कौतुकाचं पत्र येऊ दे.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
भाची

११ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून धस्स झालं. रागावले नाही, पण शहाणपणा करण्याआधी विचारायचं होतंस. ती पानं देशांची नव्हती गं, माणसांची होती. ज्याची पत्रं, त्याचं पान.

तू जादाची म्हणून काढलीस ती सात तिकिटं तुझ्या बाबांची. त्यांची बोट दुरुस्तीला परक्या बंदरात अडकली आणि इकडे तू दिवस भरायच्या आतच आलीस, मुठीएवढी. आई तापाने फणफणलेली. मी नर्स, म्हणून तुम्ही दोघी माझ्याकडे. दादा दर आठवड्याला एकच विचारायचा, पोरीचं वजन किती वाढलं. पत्रं घर बदलताना गेली, तिकिटं तेवढी राहिली.

जुनी पानं फेकली नसशील तर बघ काही जमतंय का. जिवाला लावून घेऊ नकोस. माया आहे तशीच आहे.

तुझी आत्या

२० ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चुकलेच मी. जुनी पानं रद्दीच्या पोत्यातून काढली. तिकिटांखालचा कागद पांढरा राहिलाय, बाकीचा पिवळा पडलाय. ते चौकोन मोजून एकेक तिकीट आपापल्या माणसाकडे पोचवलं. चार दिवस गेले, पण जमलं.

बाबांच्या पानाशी मात्र अडले. सातही चौकोन सारखेच. शेवटी त्यांनाच बोलावलं. माझ्या टेबलाशी बसून, भिंगातून शिक्क्यांवरच्या तारखा वाचत त्यांनी सातही तिकिटं ओळीने लावली. रविवारी अल्बम घेऊन आम्ही दोघं येतोय.

मी त्यांना विचारलं, आठव्या आठवड्याचं तिकीट कुठे गेलं. म्हणाले, आठव्या आठवड्यात तू माझ्या हातात होतीस.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी चिमणी